स्मार्ट एसी घेताना : नियंत्रण घरात की परक्या सर्व्हरवर?

वातानुकूलन यंत्र विकत घेताना टनेज, तारांकन आणि किंमत या तीन गोष्टी बहुतेक ग्राहक पाहतात. आता ‘वायफाय’ हा चौथा शब्दही खोक्यावर ठळकपणे छापलेला असतो. त्याचा नेमका अर्थ मात्र दुकानात क्वचितच सांगितला जातो.

वायफाय असलेल्या बहुतांश यंत्रांत मोबाइलवरून दिलेली आज्ञा समोरच्या भिंतीवरील एसीकडे थेट जात नाही. ती इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून घरात परतते. त्यामुळे इंटरनेट बंद पडले, की राउटर सुरू असूनही अ‍ॅप निरुपयोगी ठरते. शिवाय, एसी दहा वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते. सर्व्हर तितकी वर्षे चालू राहील याची हमी कोणी देत नाही. झोपण्या-उठण्याच्या वेळा, घर रिकामे असलेले दिवस ही माहितीही परक्या ठिकाणी साठत जाते. ‘हायर’ कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपली उपकरणे ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीशी जोडणारा प्रोग्राम मागे घेण्याची नोटीस एका प्रोग्रामरला बजावली होती. टीकेनंतर कंपनीने नमते घेतले. पण पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची किल्ली कोणाकडे असते, हे त्यातून दिसले.

घरातल्या घरात नियंत्रण ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे इन्फ्रारेड प्रक्षेपक. नेहमीच्या रिमोटसारखेच संकेत पाठवणारे हे छोटे उपकरण जुन्या एसीलाही चालते. एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटपेक्षा वेगळा असतो. तो बहुधा प्रत्येक वेळी तापमान, पंख्याचा वेग, पात्यांची दिशा अशी संपूर्ण स्थिती एकत्र पाठवतो, त्यामुळे आज्ञेत गोंधळ होत नाही. उणीव एकच, पण मोठी : संवाद एकतर्फी असतो. घरातील कोणी मूळ रिमोटने एसी बंद केला, तर यंत्रणेला त्याचा पत्ता लागत नाही. खोलीत वेगळा तापमान संवेदक ठेवला, तर काही अंदाज येतो. काही प्रक्षेपकही कंपनीच्या सर्व्हरवरच अवलंबून असतात, हेही तपासावे.

दुसरा मार्ग ‘मॅटर’ या सामाईक मानकाचा. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत खोलीच्या एसीचा समावेश झाला. मॅटरची आज्ञा घरातील नेटवर्कवरूनच जाते आणि यंत्राची स्थितीही परत कळते. त्यासाठी घरात मॅटर जाणणारे नियंत्रक उपकरण मात्र हवे. पॅनासॉनिकने २०२४ मध्ये असे एसी भारतात आणले. कंपनीच्या अ‍ॅपमधील साऱ्या सोयी मॅटरमधून मिळतातच असे नाही. चालू-बंद, तापमान आणि पंखा एवढे मिळाले तरी बहुतेक कुटुंबांना पुरेसे ठरावे.

मॅटर नसलेल्या यंत्रांत केवळ कंपनीचे नाव पाहून निर्णय घेणे धोक्याचे आहे. ‘ग्री’च्या अनेक यंत्रांशी घरातील नेटवर्कवरून थेट संवाद साधता येतो. डायकिनच्या जुन्या वायफाय जोडण्यांत ही सोय होती, नव्या काही जोडण्यांत ती राहिलेली नाही. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या अनेक यंत्रांत आतल्या बाजूस असलेल्या जोडणीला स्वतंत्र सर्किट लावणारे हौशी तंत्रज्ञ आहेत. ते करण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. थोडक्यात, मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच क्रमांकाची चौकशी करावी.

स्मार्ट प्लगने एसी चालू-बंद करण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती टाळावी. चालत्या कॉम्प्रेसरचा वीजपुरवठा वारंवार तोडणे यंत्राला मानवत नाही, आणि हलक्या दर्जाचा प्लग त्या भाराने तापू शकतो.

एसी बसवल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी अवश्य करावी. राउटरला येणारी इंटरनेटची तार काढावी, मोबाइलचा डेटा बंद करावा, वायफाय तेवढे सुरू ठेवावे आणि तापमान बदलून पाहावे.