मुंबईची वेळ आणि कालनिर्देशाचा प्रश्न

ऐतिहासिक साधनांतील वेळ एकाच घड्याळाची असते, असे गृहीत धरणे सुरक्षित नाही. १ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानात ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ अमलात आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. १८८१ मध्ये मद्रासची वेळ मुंबईवर लादण्याचा सरकारी प्रयत्न लोकविरोधामुळे फसला होता. १९०६ नंतरही तो विरोध शमला नाही. रेल्वे व तारखाते प्रमाणवेळ पाळीत, महानगरपालिका मात्र दीर्घकाळ मुंबईचीच. त्यामुळे मुंबईच्या घड्याळाने रात्री ११.४० ला घडलेली घटना प्रमाणवेळेने १२.१९ ची, म्हणजे दुसऱ्या तारखेची ठरे. सबब संशोधकाने मूळ नोंद कायम ठेवून ती कोणत्या घड्याळाची, हे आधी निश्चित करावे, रूपांतर त्यानंतर.