परीक्षेच्या फाटकावरची झडती

एका गिरणीच्या फाटकावर माझी उमेदीची वर्षे गेली. पाळी सुटली की झडती होई. कधी काळी कुणी सुताची कांडी नेली असेल. तिच्यापायी शेकडो माणसे रोज हात वर करून उभी. त्यामुळे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे नियम प्रथम वाचले तेव्हा ते मला ओळखीचे वाटले.

कॉलेजच्या दारावर परीक्षा बसविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. 1857 साली कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या ‘एन्ट्रन्स’ला 244 जण बसले. मुंबईची पहिली मॅट्रिक 1859 ची. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर तीच उत्तीर्ण झाले. वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरातून वेगळा निघाला व मध्यप्रांतात राहिला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेजही आरंभी कलकत्त्यालाच जोडलेले. तेव्हा पुण्याच्या पोराला मॅट्रिक, तर आमच्या इकडच्या पोराला एन्ट्रन्स. पुढचे इंग्रजी व्याख्यान मुलाला झेपेल काय, एवढेच त्या परीक्षेला पाहावयाचे होते.

सेवाग्रामला मात्र निराळा प्रयोग झाला. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. त्याच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत पुढे शास्त्रविषयांबरोबर गांधीविचाराचीही प्रश्नपत्रिका असे. खेड्यात डॉक्टर व्हायचे, तर खेड्याविषयी काही वाचलेले असावे! पाठ करून लिहिणारे तेथेही असणारच. पण प्रश्न तरी विचारला जात होता. देशभर ‘नीट’ सक्तीची झाली आणि ती प्रश्नपत्रिका गेली.

आता झडतीकडे वळू. 3 मे 2015 ची अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षा सर्वोच्च न्यायालयाने 15 जूनला रद्द केली. काहींनी बनियनमध्ये यंत्रे शिवून बाहेरून उत्तरे मिळविली होती. सहा लाखांहून अधिक मुलांना 25 जुलैला पुन्हा बसावे लागले. अर्ध्या बाह्या, पायांत चपला, मोठी बटणे नकोत, हे सारे नियम त्या फेरपरीक्षेपासून कडक झाले. चोरी खरी होती, हे मी नाकारीत नाही. आमच्या फाटकावरची कांडीही खरीच होती.

पण 2017 साली केरळात कण्णूरला धातूच्या आकड्यापायी एका मुलीला अंतर्वस्त्र काढावयास लावले, तेव्हा देशभर ओरड झाली. मुलींची झडती बाईनेच, बंद आडोशात घ्यावी, असे माहितीपत्रकात आता स्पष्ट छापलेले असते. आमच्या गिरणीत एवढेच वाक्य सूचनाफलकावर लागावे म्हणून बाया तीन दिवस फाटकावर बसल्या होत्या.

दीड वाजता परीक्षेचे फाटक बंद होते, हाही नियमच. आष्टी-कारंज्याहून निघालेली एस. टी. वाटेत बिघडली, तर त्या पोरीने कुणाकडे दाद मागावी, याचे कलम मात्र मला त्या पत्रकात आढळले नाही.