शिडांची शर्यत आणि खाडीचे घड्याळ : टेम्सपासून धरमतरपर्यंत

१ ऑक्टोबर १६६१. टेम्स नदीत दोन लहान नौका ग्रीनिचहून ग्रेव्हसेंडकडे निघाल्या. एकीवर इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, दुसरीवर त्याचा धाकटा भाऊ जेम्स, यॉर्कचा ड्यूक. पैज शंभर पौंडांची. जाताना वारा तोंडावर होता, राजा हरला. परतताना जिंकला आणि पैज वाचली. जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत ही हकिकत आहे आणि इंग्लंडमधील यॉट-शर्यतींचा इतिहास सहसा तिच्यापासून सांगितला जातो.

त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या विवाहकराराने पोर्तुगालने मुंबई बेट याच चार्ल्सला आंदण दिले होते. योगायोगच, पण लक्षात ठेवण्यासारखा. पुढे शिडांच्या शर्यतीचे शास्त्र आपल्या किनाऱ्यावर आले ते याच बेटाच्या बंदरात, धरमतर खाडीच्या तोंडासमोर.

हा धागा त्या शास्त्राच्या नियमांविषयी आहे, आणि पेण-रोह्याच्या खाड्यांत त्याआधीपासून चालत असलेल्या नियमांविषयीही.

घोड्यांच्या किंवा बैलांच्या शर्यतीत सगळे एका रेषेवर उभे राहतात आणि इशारा झाला की सुटतात. शिडाच्या नौकेला उभे राहताच येत नाही. पाणी आणि वारा तिला थांबू देत नाहीत. म्हणून आरंभाची रेषा काल्पनिक असते : पंचांच्या नौकेवरील निशाण आणि पाण्यात नांगरलेला तरंगा यांच्यामधली. नौका तिच्यामागे फिरत राहतात. पाच मिनिटे उरली की पहिले निशाण चढते, चार मिनिटांवर दुसरे, एक मिनिट उरता दुसरे उतरते आणि शून्यावर पहिले उतरते. सोबत भोंगा किंवा बार असतो, पण वेळ धरायची ती निशाणाची. आवाज वाऱ्यावर वाहून जातो, उशिरा पोहोचतो, कधी होतच नाही; नियमाने तो गृहीत धरायचा नसतो. शून्याच्या क्षणी जिची नाळ रेषेच्या पुढे असेल, तिने मागे येऊन पुन्हा रेषा ओलांडायची.

त्यानंतरचा प्रश्न वाटेचा. पाण्यावर रस्ता नाही, म्हणून वाटेचा हक्क वाऱ्यावरून ठरतो. एका नौकेला वारा उजव्या अंगाने लागतो आहे, दुसरीला डाव्या, आणि दोघी एकमेकींवर चालून येत आहेत. अशा वेळी डाव्या अंगाने वारा घेणारीने बाजूला व्हायचे. दोघींना एकाच अंगाने वारा असेल आणि दोघी शेजारी आल्या असतील, तर वाऱ्याकडची नौका वाट देते, कारण तिने दुसरीचा वारा अडवलेला असतो. मागून येणारीने पुढचीला धक्का लावायचा नाही. बाकीचे पुस्तक बहुतांशी या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

चूक करणाऱ्याला शिक्षा कोण देतो? बहुतेक वेळा तो स्वतःच. नियम मोडल्याचे ध्यानात येताच नौकेने जागच्या जागी दोन गिरक्या घ्यायच्या आणि पुढे जायचे. मान्य नसेल तर समोरच्याने तत्काळ हाक देऊन हरकत घ्यायची. मग काठावर सुनावणी होते, साक्षी होतात. गुण उलटे मोजतात : पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, सर्व फेऱ्यांअखेर ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता.

हे नियम एका रात्रीत झाले नाहीत. १८७५ साली ब्रिटनमध्ये यॉट रेसिंग असोसिएशन स्थापन होईपर्यंत प्रत्येक क्लब आपापल्या मर्जीने खेळे. निरनिराळ्या देशांना बांधणारी संघटना १९०७ साली झाली. मुंबईत यॉट क्लब मात्र १८४६ सालीच सुरू झाला होता. १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. म्हणजे मुंबईच्या बंदरात साहेबांच्या शर्यती चालू झाल्या तेव्हा समान नियमांचे पुस्तक त्यांच्या मायदेशीही नव्हते.

आता त्या बंदरातून आत वळावे.

रेवस आणि करंजा यांच्यामधून आत शिरले की धरमतर खाडी लागते. तिला अंबा नदी मिळते. याच खाडीच्या एका फाट्यावर, भोगावतीच्या काठी पेण आणि त्याचे अंतोरे बंदर. दक्षिणेला कुंडलिका : मुखाशी रेवदंडा आणि कोर्लई, आत एका तीरावर रोहे, समोरच्या तीरावर अष्टमी. आज ही गावे महामार्ग आणि रेल्वेमुळे ओळखली जातात. सडका पक्क्या होईपर्यंत मात्र इथला तांदूळ आणि मीठ शिडाच्या मचव्यांतून आणि पडावांतून मुंबईला जाई.

या वाहतुकीचे घड्याळ भिंतीवर नव्हते, पंचांगात होते. कोकणच्या या भागातला हिशेब साधा : तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा भरतीच्या तासाचा. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, म्हणून हे गणित अचूक नाही. पण पंधरा दिवसांनी तिथी पुन्हा एकपासून सुरू होते आणि साचलेली चूक आपोआप पुसली जाते. अडाणी म्हणून ज्यांची संभावना झाली, त्या तांडेलांनी वापरलेले हे गणित चांगल्या अभियंत्याला शोभेल असे आहे. (तिथी अष्टमी आणि गावही अष्टमी असा योग साधून कोणी भर दुपारी माल भरायला गेला, तर त्याला ओहोटीच भेटणार.)

शिवाय पाणी किती चढणार हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. जड मचवा खाडीच्या टोकापर्यंत न्यायचा तर उधाण गाठावे लागे. ते हुकले की पुढच्या उधाणापर्यंत थांबणे आले. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. मतलई आणि ओहोटी यांची गाठ पडली की बाहेर पडायचे. भरती आणि खारा वारा एकत्र आले की आत यायचे. परभाणावर ताणलेले मोठे शीड अरुंद पाण्यात वारंवार फिरवणे कष्टाचे असे. म्हणून वाऱ्याशी झगडण्यापेक्षा पाण्याची वाट पाहणे हेच कौशल्य ठरले.

हे नियम कोणी लिहून ठेवले नाहीत. समुद्रावरच्या लढाऊ शिडांचे नियम मात्र लिहिले गेले, आणि तेही मराठीत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५-१६) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. वाचताना लक्षात येते की लिहिणाऱ्याने वाऱ्याची भीती ओळखली होती. वाऱ्यावाचून हलूच शकणार नाहीत अशी अवजड जहाजे त्याला नको आहेत. मध्यम गुराबा आणि मध्यम गलबते बांधावीत. एका सुभ्यात पाच गुराबा, पंधरा गलबते. सर्वांवर सरसुभा, आणि त्याच्या हुकुमात सर्वांनी वागावे. झुंजताना एकवटून असावे. वारा पडला किंवा उलटा झाला तर हट्ट न धरता आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला यावे. शत्रूने शरणागतीची खूण केली तरी एकदम जवळ जाऊ नये. त्याचा माणूस आपल्याकडे बोलवावा. पावसाळ्याच्या छावणीसाठी तुफानाच्या दिवसांआधी पंधरा-वीस दिवस बंदर गाठावे, आणि तेही दर वर्षी निराळे, कारण एकाच गावावर खलाशांचा उपद्रव पडू नये. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर लावू नये, नाहीतर व्यापारी नाडला जाईल. जहाजांसाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ही सूचनाही याच ग्रंथातली.

यातला वाऱ्याविषयीचा शहाणपणा कागदावर येण्याआधी लढाईत उतरला होता. १६७९ मध्ये खांदेरीवर किल्ला बांधण्याचे काम चालू झाले तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरच्या सकाळी दौलतखानाच्या हाताखालील मराठी गलबते त्यांच्यावर चालून गेली आणि ‘डव्ह’ ही इंग्रजी नौका हाती लागली. ‘रिव्हेंज’ने मराठ्यांना मागे रेटले खरे, पण वल्ह्यांवर चालणाऱ्या त्या हलक्या नौका उथळ खाडीत शिरल्या की मोठ्या जहाजांना पाठलाग करता येत नसे. नाकेबंदी चुकवून बेटावर रसद पोहोचतच राहिली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

इथे एक इशारा द्यायला हवा. ‘मराठ्यांनी शर्यतींचे नियम युरोपच्या आधी लिहिले’ असे वाक्य या माहितीतून सहज तयार करता येईल आणि ते भरपूर पसरेलही. ते खोटे आहे. आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण राज्य राखण्याविषयी आहे. शर्यत हा त्याचा विषयच नाही. साम्य आहे ते प्रश्नांत : वाऱ्यावर कोणाचा ताबा नसताना अनेक नौकांनी एका हुकुमात कसे वागावे, वाट कोणी द्यावी, आणि परत फिरण्याचा निर्णय कोणी कधी घ्यावा. टेम्सवर खेळणाऱ्यांना आणि खांदेरीवर लढणाऱ्यांना हे प्रश्न सारखेच पडले. उत्तरे वेगळी आली, कारण पणाला लागलेली वस्तू वेगळी होती.

पुढची हकिकत लवकर सांगून होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फायरबॉल गटात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले. खाड्यांत मात्र शिडे उतरली. गाळ साचला, ट्रक आले, रोह्यापर्यंत रेल्वे आली. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे रोह्यापासूनच पुढे जाते. धरमतर खाडीत आज डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी बार्जेस चालतात. कुंडलिकेवर कोलाडला राफ्टिंग चालते ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. तिथे पाण्याची वेळ चंद्र ठरवत नाही.

समजा, उद्या कोणी हौशी मंडळींनी धरमतर खाडीत लहान शिडांची शर्यत योजली. छापील पुस्तकातले वाटेचे नियम जसेच्या तसे लागू पडतील. पण ते पुस्तक वेळ सांगणार नाही. पौर्णिमेचा दिवस धरला तर बाराच्या सुमारास भरती पूर्ण, मग साधारण सहा तास ओहोटी. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटेल. रेवसकडे जाणाऱ्या नौकांना वारा तोंडावर, पण पाणी पाठीशी. परतताना वारा पाठीशी आणि पाणी तोंडावर. वारा पडला तर परतीची नौका शीड भरलेले असूनही मागे मागे सरकू लागेल, आणि संध्याकाळी काठचा चिखल उघडा पडेल. म्हणून पंचांनी शेवटची रेषा अंतोऱ्याच्या धक्क्याला न आखता खाली, खोल पाण्यात आखावी. मुदत चारची ठेवावी. आणि सूचनापत्रकावर तारखेशेजारी तिथीही छापावी.