पोराला विचारलं का?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 16 वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. आठवीनंतरचं शिक्षण शेतावर, घरातच व्हावं म्हणून तीन आमिश बापांनी मुलांना हायस्कुलात धाडलं नाही. प्रत्येकी 5 डॉलर दंड झाला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयानं बापांच्या बाजूनं कौल दिला. न्यायमूर्ती डग्लस मात्र अडले: मुलांना विचारलं का? साक्ष एकाच मुलीची झाली होती. तिच्यापुरताच निकाल त्यांनी मान्य केला. मला निकालापेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो.

1977 मध्ये जॉन होल्ट यांनी शाळेविना, आपल्या ओढीनं शिकण्याला ‘अनस्कूलिंग’ म्हटलं. पण बोलले ते मुख्यतः आईबापांशी. थेट पोरांसाठी पुस्तक लिहिलं ग्रेस लेवेलिन यांनी, 1991 मध्ये. बाई पूर्वी शाळेत शिकवत होत्या!