विक्रीतून गेलेले सॉफ्टवेअर आणि तालुक्याची छपाई

कंपनीने विकणे बंद केलेले जुने सॉफ्टवेअर तिला न विचारता नकलून वापरावे का, हा प्रश्न महाराष्ट्रात ठळकपणे दिसतो तो मराठी डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने मांडण्याच्या, धंद्यात. या धंद्याने गेल्या तीन-साडेतीन दशकांत मराठीतला जवळजवळ सगळा छापील मजकूर घडवला. हे काम त्याने ज्या साधनांवर केले, त्यांतली बरीचशी आज कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावी छापखान्याचे बारमाही काम ठरलेले असते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हरिनाम सप्ताहाची पत्रके, महाविद्यालयांचे वार्षिक अंक, आणि या सगळ्यांपेक्षा जड काम म्हणजे सहकारी संस्थांचे अहवाल. तालुक्यात गौतमनगरचा कर्मवीर शंकरराव काळे कारखाना आणि सहजानंदनगरचा सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखाना असे दोन मोठे सहकारी साखर कारखाने आहेत. त्यांच्याभोवती पतसंस्था आणि गावोगावच्या विकास सोसायट्या आहेत. अशा संस्थांचे वार्षिक सभेचे अहवाल मराठीत छापले जातात: ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, गाळपाचे आकडे, पोटनियम दुरुस्तीचे तक्ते. पन्नास वर्षांनी या भागातल्या सहकाराचा इतिहास लिहायला कोणी बसला, तर त्याला हेच कागद शोधावे लागतील.

हा मजकूर पूर्वी खिळ्यांनी जुळवला जाई. जोडाक्षरे आणि वर-खाली लागणाऱ्या मात्रा-उकारांमुळे देवनागरीला इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागत, आणि जुळाऱ्याला केसमधली शेकडो घरे तोंडपाठ असावी लागत. पाने छापून झाली की फर्मा सोडायचा आणि खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. जुळणी मागे उरत नसे, छापलेला कागद उरे. तो कागद वाचायला कोणाच्या परवानगीची किंवा कसल्या यंत्राची गरज नव्हती.

ही पद्धत मोडली ती पेजमेकरने. पॉल ब्रेनर्ड यांच्या सिॲटलमधल्या आल्डस कंपनीने जुलै १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी पेजमेकर बाजारात आणले आणि १९८७ मध्ये ते विंडोजवर आले. पडद्यावर पान मांडायचे आणि लेझर प्रिंटरवर काढायचे, एवढ्यावर छोटा छापखाना उभा राहू लागला. मराठीची सोय मात्र इथल्या लोकांना करावी लागली. कानपूरच्या आयआयटीत १९८३ मध्ये देवनागरी संगणकाचा नमुना तयार झाला होता. त्या कामातले मोहन तांबे पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले आणि भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती ही नावे तालुक्याच्या डीटीपी सेंटरपर्यंत पोहोचली. असेंबल केलेला संगणक, पेजमेकर, मराठी फॉन्टचे पॅकेज आणि ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढणारा लेझर प्रिंटर, एवढ्या भांडवलावर हजारो तरुणांनी पोट भरले.

मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर एक लॉक येई. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टवर बसणारी ही बोटभर डबी. ती लावलेली नसेल तर पैसे मोजून घेतलेले पॅकेजही चालत नसे. मराठी फॉन्टची बाजारपेठ लहान होती, एकेका अक्षरासाठी महिनोन् महिने काम करणारे अक्षररचनाकार होते आणि फ्लॉपीवरून नक्कल करायला दोन मिनिटे पुरत. त्यामुळे कंपन्यांनी लॉक लावले यात काही गैर नव्हते.

पेजमेकरला असे लॉक नव्हते. पण कायद्याने तोपर्यंत संगणक कार्यक्रमाला पुस्तकाच्या पंक्तीत बसवलेले होते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक कार्यक्रम ‘साहित्यकृती’ ठरले. १० मे १९९५ पासून लागू झालेल्या कलम ६३ब नुसार बेकायदा नक्कल जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची आणि कमाल तीन वर्षांची कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ठरला. वापर धंद्यासाठी नसेल तर कैद टाळण्याची मुभा न्यायालयाला दिली गेली. तरीही संगणक विकणारा दुकानदार ‘सगळे लोड करून’ देई आणि घेणारा ते संगणकाच्या किमतीतच धरी. सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना असलेल्या बीएसएच्या अंदाजाने २०१३ मध्येही भारतात बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ६० टक्के विनापरवाना होते. अंदाज धंद्यातल्याच संघटनेचा असल्याने तो थोडा सैल धरला, तरी चित्र बदलत नाही.

या काळातल्या नकलेचे समर्थन करता येत नाही. माल दुकानात होता, त्याचा भाव ठरलेला होता आणि तो न देता वस्तू वापरली जात होती. परदेशी कंपनीला तालुक्यातल्या एका सेंटरचे पैसे बुडाल्याने फरक पडत नाही, हा युक्तिवाद तेव्हा सर्रास ऐकू येई. पण तोच हात पुढे मराठी फॉन्टवरही पडला. लॉक फोडलेल्या, म्हणजे ‘क्रॅक’ केलेल्या प्रती फिरू लागल्या, आणि त्याचा फटका मराठीसाठी राबणाऱ्या मोजक्या लोकांना बसला. मराठीत चांगले नवे फॉन्ट इतकी वर्षे मोजकेच का निघाले, याची कारणे शोधताना हे कारण वगळता येणार नाही.

प्रश्नाचे रूप पालटले ते कंपन्यांनीच माल मागे घेतला तेव्हा. अडोबीने १९९४ मध्ये आल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन हे पानमांडणीचे नवे सॉफ्टवेअर आणले आणि २००१ मध्ये पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती काढली. पेजमेकरचा विकास तिथेच थांबला. मराठी डीटीपीवाले मात्र पेजमेकरवरच राहिले. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे फॉन्ट, कळफलकाची सवय आणि आधीच्या सगळ्या फाइली त्याच जोडणीवर उभ्या होत्या. इकडे नव्या संगणकांवरून प्रिंटरचे जुने पोर्ट नाहीसे झाले, विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर जुनी पॅकेजे चालेनाशी झाली, आणि रीतसर पैसे भरून घेतलेले लॉक ड्रॉवरमध्ये पडून राहिले.

जुन्या फाइलीत नेमके काय असते, हे पाहिल्याशिवाय यातली अडचण कळत नाही. त्या काळच्या मराठी फॉन्टांनी देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवले होते, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. श्रीलिपीच्या रूढ मांडणीत टंकलेला ‘कोपरगाव’ हा शब्द संगणकाच्या लेखी असा आहे: मोठा एच, डॉलरची खूण, मग लहान एम, ओ, एन, ए, मोठा जे, लहान एम आणि डी. पहिली दोन चिन्हे मिळून ‘क’ होतो. नंतरचा एम काना देतो, ओ वरची मात्रा देतो. फॉन्ट असेपर्यंत पडद्यावर गावाचे नाव उमटते. फॉन्ट गेला की नऊ निरर्थक चिन्हे उरतात. अख्खा अहवाल असाच होतो, आणि त्यात शोधयंत्राला ‘कोपरगाव’ कधीच सापडत नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्येच ठरले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी देवनागरीसह आली. पण डीटीपीचा धंदा पुढे कितीतरी वर्षे या मानकांच्या बाहेरच चालला.

पेजमेकरची फाइल उघडण्याचा अधिकृत मार्गही बंद सॉफ्टवेअरमधूनच जातो. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० आणि त्यापुढच्या फाइली उघडत. नंतरच्या सीसी आवृत्त्या त्या उघडत नाहीत, आणि सीएस६ ची विक्री अडोबीने २०१७ मध्ये थांबवली. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने आपल्या प्रणालींतून टाइप-१ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधारही काढला. पंचवीस वर्षांपूर्वी छापलेला स्वतःच्याच संस्थेचा अहवाल जुन्या फाइलीतून काढायचा, तर जे कोणी विकत नाही असे साधन कुठून तरी मिळवावे लागते.

इथे माणसामाणसांत फरक करावा लागतो. ज्याने पॅकेज विकत घेतले, बिल जपले आणि ज्याचे लॉक निकामी झाले, त्याने लॉकविना चालणारी प्रत वापरली तर नीतीच्या दृष्टीने त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. त्याने पैसे मोजले आहेत आणि ज्या कामासाठी मोजले तेच काम तो करतो आहे. कलम ५२(१)(अअ) रीतसर प्रत बाळगणाऱ्याला ज्या कामासाठी कार्यक्रम घेतला त्यासाठी नक्कल करण्याची आणि नाश किंवा बिघाडाच्या भीतीने राखीव प्रत ठेवण्याची परवानगी देते. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक उपाय मोडणे हा गुन्हा ठरवते. हेतू कोणता होता, या शंकेचे ओझे सामान्य डीटीपीवाल्यावर पडते.

ज्याने कधीच काही विकत घेतले नाही त्याची बाजू कमजोर आहे, पण तीही सरसकट फेटाळता येत नाही. पेजमेकर आज कोणी विकत नाही. त्याच्या नकलेने कोणाची विक्री बुडत नाही. फॉन्टचे तसे नाही. प्रोग्रॅम दहा वर्षांत जुना होतो, अक्षराचे वळण होत नाही. नव्या पॅकेजात तेच वळण नव्या मांडणीत विकले जाते, त्याचा निर्माता धंद्यात असतो, आणि जुन्या फॉन्टची फुकट प्रत त्या विक्रीला थेट खाते. म्हणून एकाच सीडीवर मिळणाऱ्या या दोन वस्तूंचा निवाडा वेगवेगळा व्हायला हवा: बंद पडलेला प्रोग्रॅम जुनी फाइल वाचण्यासाठी नकलणे क्षम्य आहे, चालू असलेला फॉन्ट नव्या लग्नपत्रिकेसाठी नकलणे क्षम्य नाही.

‘विक्री बंद’ म्हणजे ‘हक्क सोडला’ असे कायदा मानत नाही. हक्क सोडायचा तर कलम २१ प्रमाणे कर्त्याने तसे रीतसर जाहीर करावे लागते. नाहीतर साहित्यकृतीचा प्रताधिकार कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे चालतो. पुस्तकाला ही मुदत एक वेळ शोभते. जे यंत्र दहा वर्षांत भंगारात जाते, त्यावर चालणाऱ्या कार्यक्रमाला ती लावणे अवाजवी आहे.

मालकांनी मनावर घेतले तर मार्ग निघतो, हेही दिसून आले आहे. सायबरस्केपने आकृतीचे नऊ भारतीय लिप्यांचे काही फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. अडोबीने २०१३ च्या जानेवारीत सीएस२ या जुन्या संचाची सक्रियता तपासणारी यंत्रणा बंद करताना तपासणीविना चालणारी प्रत उपलब्ध केली; ती फुकट वाटलेली नसून जुन्या परवानाधारकांसाठी आहे, असा खुलासाही तिला करावा लागला. नकलेची गरजच संपवणारी वाट स्वयंसेवकांनी काढली. त्यांनी पेजमेकरच्या फाइलीची घडण उलगडली, आणि २०१५ मध्ये आलेल्या लिब्रेऑफिस ४.४ मध्ये पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय झाली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तकही निघाले. त्यांच्या कामात रफार आणि वेलांटीच्या जागा चुकतात, आकड्यांचे तक्ते विस्कटतात आणि प्रत्येक पान माणसाला मुळाशी ताडून पाहावे लागते. तरी कोपरगावातल्या एखाद्या संस्थेला आपल्या जुन्या फाइली वाचवायच्या असतील, तर आज सर्वांत स्वच्छ मार्ग हाच आहे.

परदेशी कायद्यांनी या प्रश्नाची दखल थोडी लवकर घेतली. अमेरिकेत २००३ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथपालांनी कुलपे फोडण्यावरच्या बंदीतून दोन संबंधित सवलती दिल्या: बिघडलेल्या, कालबाह्य लॉकमुळे अडलेल्या कार्यक्रमांना एक, आणि कालबाह्य स्वरूपातल्या कार्यक्रमांना दुसरी. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने वारसा जपणाऱ्या संस्थांना आपल्या संग्रहातल्या कार्यक्रमांच्याही जतनप्रती करण्याची मुभा दिली.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१अ रुंदावले. मालक सापडत नसलेल्या प्रकाशित कृतीसाठीही सक्तीचा परवाना मागता येऊ लागला, पण ती वाट अर्ज, जाहिरात आणि स्वामित्वशुल्क यांतून जाते. शे-दोनशे जुन्या फाइलींसाठी तालुक्यातले वाचनालय त्या वाटेने जाणार नाही. आणि पेजमेकरचा मालक तर सापडतो, त्यामुळे त्याला हे कलम लागूच पडत नाही. जवळची तरतूद कलम ५२(१)(ओ) मध्ये आहे: भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. तिथे पुस्तकाच्या व्याख्येत पत्रिका, संगीतलिपीचे पान, नकाशा, तक्ता आणि आराखडाही धरला आहे. संगणक कार्यक्रमाचा उल्लेख त्यात नाही. जो कायदा इतर बाबतींत कार्यक्रमाला पुस्तकासारखीच साहित्यकृती मानतो, त्याने विक्रीतून गेलेल्या कार्यक्रमालाही या सवलतीत जागा द्यावी. ही मागणी ग्रंथालय संघांनी आणि मुद्रकांच्या संघटनांनी आता सरकारकडे लेखी करायला हवी.