पाठांतराचे गाव

कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव तंजावरच्या व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. शहाजीराजपुरम् हे त्याचे दुसरे नाव. पाठांतर हेच तेथले धन. परंतु वार्धक्यात तेही हरपू शकते. जर्मन वैद्य आल्झायमर यांनी १९०६ साली अशाच एका व्याधीचे वर्णन केले. तीत नुकतेच घडलेले प्रथम विसरले जाते. बालपणीचे पाठ पुष्कळ काळ टिकतात. म्हणून अशा वृद्धाशी वाद घालू नये, स्नान-भोजनाच्या वेळा मोडू नयेत, आणि त्याच्या ओठांवरचा श्लोक आपण आरंभून द्यावा. विद्येचा योगक्षेम राजाने वाहिला. विस्मृतीचा भार मात्र तेव्हा घरच्यांवरच असे, आणि आजही बहुधा त्यांच्यावरच असतो.