क्लेफ क्लबचा वाद्यवृंद: दान कुणाचे?

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलला एका पोलाद-कारखानदाराचे नाव आहे. त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. इमारत त्याच्या पैशातून उभी राहिली. परंतु 2 मे 1912 च्या रात्री त्याच रंगमंचावर सव्वाशेच्या आसपास कृष्णवर्णीय वादक बसले आणि हार्लेममधील आपल्या मुलांच्या एका संगीतशाळेच्या मदतीसाठी वाजवून गेले. त्या रात्रीचे दान कुणाचे, हा प्रश्न चळवळीतल्या माणसाने विचारावा असा आहे.

हे वादक क्लेफ क्लबचे. ही संस्था 1910 साली जेम्स रीस युरोप यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तोवर हॉटेलांत, धनिकांच्या घरी काळ्या वादकाला बोलावीत, पण पुष्कळदा वादक म्हणून नव्हे. भांडी धुण्याच्या किंवा वाढप्याच्या कामावर त्याला घेत आणि वर वाजवायला लावीत. मिळेल ती बक्षिसी. लग्नात हलगी वाजवणाऱ्याला मांडवाबाहेर बसवून उरलेले वाढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे न्यूयॉर्क परके वाटू नये. क्लेफ क्लबने हा व्यवहार मोडला. पश्चिम त्रेपन्नाव्या रस्त्यावर स्वतःचे घर घेतले. वादक हवा असेल त्याने तिथे मागणी नोंदवावी, ठरलेले वेतन द्यावे, प्रवासखर्च द्यावा. कामगार संघटना म्हणा, कामे मिळवून देणारी कचेरी म्हणा. दोन्ही एकाच छपराखाली.

आणि या माणसांनी ती रात्र शाळेसाठी दिली. एक रात्रच नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांच्यापैकी कितीतरी जण दिवसा न्हावी होते, वेटर होते, स्टेशनावर हमाल होते, लिफ्ट चालवीत होते. ज्या दिवशी मालक सोडील त्या दिवशी तालीम. आज आलेला उद्या येईलच असे नाही. अनेकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. ज्यांना येई त्यांनी इतरांकडून कानाने पाठ करून घेतले. मँडोलिन, बँजो, हार्प-गिटार, व्हायोलिन आणि दहा उभे पियानो असा तो संच. युरोपीय सिम्फनीच्या चौकटीत न बसणारा. युरोप यांनी जी वाद्ये आपल्या लोकांच्या हातात होती त्यांचाच वाद्यवृंद केला.

विल मेरियन कुक यांना हे पसंत नव्हते. ते बर्लिनला योआखिम यांच्याकडे शिकलेले. असले वादक कार्नेगी हॉलमध्ये नेले तर समाजाचे हसे होईल, असे त्यांना वाटे. शिकलेल्या माणसाची ही भीती आपल्याही ओळखीची आहे. तरी ते व्हायोलिन घेऊन त्याच वादकांत बसले. त्यांच्या रचनेवर सभागृह पुन्हा पुन्हा वाजवा म्हणून अडून बसले, त्यांना उभे केले गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. पुढे 1913 व 1914 मध्येही कार्नेगी हॉलमध्ये असे कार्यक्रम झाले. मधल्या जुलैत, 1913 साली, बाबासाहेब त्याच शहरात शिकायला आले.

पैशाचे महत्त्व मी नाकारीत नाही. पहिल्या महायुद्धात युरोप यांनी काळ्या सैनिकांच्या पलटणीचा बँड उभा केला, तेव्हा डॅनियल रीड या उद्योगपतीने दहा हजार डॉलरचा चेक दिला. त्यावाचून तो बँड तसा झाला नसता. मात्र चेकवर रक्कम असते. न्हाव्याने बुडवलेल्या गिऱ्हाइकाची, हमालाने सोडलेल्या पाळीची रक्कम कोणत्या वहीत लिहिणार?

राहिली शाळा. ती 1911 मध्ये निघाली, आणि ती काढणाऱ्यांत प्रमुख होते न्यूयॉर्क सिम्फनीतील पहिले व्हायोलिनवादक डेव्हिड मॅनिस, एक गोरे गृहस्थ. त्यांना दाते म्हणायला लोक तयार असतात. पण त्यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की गरीब घरातल्या त्यांना लहानपणी व्हायोलिन शिकविले ते जॉन डग्लस या कृष्णवर्णीय वादकाने. डग्लस जर्मनीत शिकून परतले होते. अमेरिकेतल्या कुठल्याच वाद्यवृंदाने त्यांना खुर्ची दिली नाही.